पाटीच्या अलीकडे

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त जपानमध्ये असतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला बोलावून घेतलं. म्हणाला, "आपा, मुलांना जंगलावर निबंध खूप लिहायला लावलेस. आता एक जंगल बघून घे."

तो मला इरिओमोते बेटावर घेऊन गेला. हे ओकिनावा प्रांतातलं, तैवानजवळचं बेट. इथे विमानतळ नाही. इशिगाकीहून बोटीनेच यावं लागतं. बेटाचा बहुतेक भाग दाट जंगलाखाली आहे. जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं एक रानमांजर इथे राहतं. तीही शंभराच्या आसपासच उरली आहेत. 2021 साली युनेस्कोने या बेटाला जागतिक वारशात घेतलं.

सकाळी उराउची नदीच्या मुखापासून बोट निघाली. दोन्ही काठांना खारफुटी. आपल्या कोकणच्या खाडीत शिरल्यासारखं वाटलं. अर्ध्या तासाने बोटीने एका खडकापाशी सोडलं. परतीची बोट कितीला, हे भावाने दोनदा विचारून घेतलं. पुढे पायवाट. नोव्हेंबर असूनही ओढणी घामाने भिजली. मुळं ओलांडत, ओल्या दगडांवर पाय जपून टाकत चालत होतो. पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज आला.

मारियुदू धबधबा फार उंच नाही. पण रुंद आहे, आणि खाली मोठा गोल डोह आहे. तो लांबूनच बघायचा. डोहाकडे जायला बंदी आहे, तशी पाटी लावली आहे. भाऊ हळहळला, "इतक्या लांब आलो आणि पाण्याला हातही लावायचा नाही?"

मी काहीच बोलले नाही. मला सातवीतला एक मुलगा आठवला.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैमध्ये मी वर्गात 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध घेतला. गावाजवळच्या धबधब्याचं तोंड भरून वर्णन केलं. त्या रविवारी तो मुलगा मित्रांबरोबर तिथे गेला. वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पाणी एकदम वाढलं. मित्र परत आले, तो आला नाही. मला कुणीच बोल लावला नाही. उलट त्याच्या अम्मीने माझा हात हातात घेऊन सांगितलं, "टीचर, तो तुमचा निबंध घरी वाचून दाखवत होता." तेव्हापासून तो विषय मी वर्गात घेतला नाही.

आणखी थोडं चालल्यावर कानपिरे धबधबा आला. इथे मात्र पाण्याजवळ जाता येतं. नदी सपाट खडकांवरून पायऱ्यापायऱ्यांनी घसरत येते. खडकाला रांजणासारखे खड्डे पडले आहेत. तिथे वुजू केलं. मुसाफिर होते, म्हणून जोहरच्या दोनच रकात पढले. दुआ मागताना त्या मुलाचं नाव आपोआप तोंडी आलं. मग डबा उघडून चपाती आणि उकडलेली अंडी खाल्ली.

परतीच्या बोटीत भावाने मोबाइलवर वाचून एक हकीकत सांगितली. 1945 साली सैन्याने शेजारच्या हातेरुमा बेटावरच्या लोकांना बळजबरीने इथे आणलं. इथे मलेरिया होता. त्या बेटावरची जवळजवळ एक तृतीयांश माणसं त्यात गेली, शाळेतली मुलंही. मुख्याध्यापक शिकिना यांनी अधिकाऱ्यांपुढे जाऊन गावकऱ्यांसाठी परतीची परवानगी मिळवली. निघताना दक्षिण किनाऱ्यावरच्या एका खडकावर त्यांनी अक्षरं कोरली. अर्थ असा की, हा दगड विसरू नका. खाली बेटाचं नाव आणि आपलं नाव.

त्या किनाऱ्यावर जायला आमच्याकडे वेळ नव्हता. पण बोट धक्क्याला लागेपर्यंत माझ्या मनात तो खडकच होता. त्या शिक्षकाने आपली मुलं गमावली आणि ते दगडावर लिहून ठेवलं. मी मात्र निबंधाचा विषयच बंद करून टाकला होता.

येत्या जुलैमध्ये तो निबंध पुन्हा घेणार आहे. धबधबा सांगेन, पाण्याचा आवाज सांगेन. पाटी कुठे होती आणि आम्ही कुठे थांबलो, तेही सांगेन. आणि सातवीतल्या त्या मुलाबद्दल सांगेन.