आमचा एकट्याचा प्रवास

दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात आम्ही घरात सांगून टाकले की, ऑस्ट्रेलियात पुतण्याकडे महिनाभर राहून झाले की तेथील ओसाड मुलखात आम्ही मोटार घेऊन एकटेच आठ दिवस हिंडणार आहो. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "भावजी, कुणाचं काही मनाला लागलं का?" आणि आमच्या ब्याण्णव वर्षांच्या मातोश्रींनी एका वाक्यात निकाल दिला : "एकटा जातो तो संन्यासी, नाहीतर रुसलेला. तू काही संन्यासी नव्हेस."

मातोश्रींचे बोलणे खरे होते, म्हणूनच आम्हास ते झोंबले. नारायण पेठेतील आमचा वाडा पाडून तेथे इमारत उभी राहावयाची आहे. तिच्यात कोणाच्या वाट्यास किती जागा यावी, यावरून आमचे व आमच्या वडीलबंधूंचे, म्हणजे दादांचे, बिनसले होते. वाद तीनशे चौरस फुटांचा. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा प्रसंग आला असेल त्यांना तपशील सांगण्याची गरज नाही, आणि ज्यांच्या घरी आला नसेल त्यांनी तो न ऐकलेलाच बरा. बोलता बोलता दादा नेहमीप्रमाणे म्हणाले, "तुला मी पाण्यातून वर काढलाय, विसरू नकोस." १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा आम्ही वर्षाचे होतो आणि दहा वर्षांच्या दादांनी आम्हास कडेवर घेऊन पर्वती गाठली होती. ही कथा आम्ही प्रत्येक मुंजीत, प्रत्येक बारशात ऐकत आलो आहो. त्या दिवशी मात्र आमच्या तोंडून निघून गेले, "त्या कडेचं भाडं किती झालं ते एकदाच सांगून टाका." दादा उठून गेले. त्यानंतर एकाच जिन्यावरून चढउतार करीत असूनही दोन वर्षे आमचे त्यांचे बोलणे नव्हते. त्यांच्या मुलाकडे आम्ही अ‍ॅडलेडला जाऊन राहिलो, यात मात्र कोणास विसंगत असे काही वाटले नाही. आमच्या घरची भांडणे अशीच, एका पिढीपुरती असतात.

‘आम्ही’ ‘आम्ही’ असे लिहितो खरे. परंतु या प्रवासात त्या अनेकवचनास कसलाच आधार नव्हता. सौभाग्यवतींचे गुडघे त्यांना फार बसू देत नाहीत, म्हणून त्या पुण्यासच राहिल्या होत्या. जन्मल्यापासून ज्या माणसाने एका खोलीत एकट्याने रात्र काढली नाही, तो एकाएकी हजारो मैलांच्या निर्जन प्रदेशात शिरणार होता. पुतण्याने मोठ्या चाकांची गाडी भाड्याने मिळवून दिली व मागे चाळीस लिटर पाणी भरले. पुतणसुनेने गूळपापडीचा डबा, धपाटे आणि मेतकूट दिले. निघण्यापूर्वी पुतण्याने आमच्या हाती मुठीएवढे एक यंत्र ठेवले. जीव धोक्यात आला तरच त्याचे बटण दाबावयाचे. मग उपग्रहामार्फत सुटकापथकास ठिकाण कळते. त्याच्या नोंदणीच्या अर्जात, शोध करावा लागल्यास कोणास विचारावे, अशी नावे मागितली होती. पहिले पुतण्याचे, दुसरे सुनेचे. "तिसरं भारतातलं असू दे, काका," तो म्हणाला. आम्ही सौभाग्यवतींचे नाव सांगू लागलो. परंतु त्या रात्री दूरध्वनी बंद करून निजतात. लेखणी थोडा वेळ तशीच धरून शेवटी आम्ही दादांचे नाव लिहिले. रात्री दोन वाजतासुद्धा पहिल्या घंटेला उठेल असा आमच्या घरात तो एकच मनुष्य आहे.

मातोश्रींस फोनवर वाट समजावून सांगताना निराळीच अडचण आली. परतीच्या वाटेवर ‘मरी’ नावाचे गाव आहे. "मरीला पोचलो की फोन करतो," असे म्हणताच पलीकडून आवाज आला, "दुसरं गाव नाही का रे तिकडे?" आणि फोन ठेवता ठेवता, "अगस्तीसारखं करू नकोस हो!"

पोर्ट ऑगस्टा सोडले की उत्तरेकडे डार्विनपर्यंत जाणारा सुमारे २७०० किलोमीटरांचा हमरस्ता लागतो. १८६२ साली हा खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडून परत येणाऱ्या जॉन मॅकडूअल स्टुअर्ट याचे नाव त्यास दिले आहे. आरंभी आम्हास मोठी मौज वाटली. ग्लेनडॅम्बो नावाच्या ठिकाणी पेट्रोल घेतले की पुढे कूबर पीडीपर्यंत २५४ किलोमीटरांत पुन्हा काही नाही. पुण्याहून सोलापूरास जावे आणि मध्ये एक गाव, एक टपरी, एक झाडाची दाट सावलीही लागू नये, तसे ते होते. जमीन तांबडी, झुडपे राखेच्या रंगाची, आणि आकाश इतके मोठे की मान वर न करताही ते दिसतच राहते. समोरून ५३ मीटरांपर्यंत लांबीच्या, तीन-तीन डबे जोडलेल्या मालमोटारी येतात; त्या जाईपर्यंत आपली गाडी थरथरते. परंतु आमच्या लक्षात राहिले ते दुसरेच. अर्ध्या तासाने समोरून एखादी गाडी येई आणि चालविणारा मनुष्य चक्रावरचा हात न काढता एक बोट वर करी. ओळख ना पाळख! पहिल्यांदा आम्ही मागे वळून पाहिले. दुसऱ्या दिवशी आमचेही बोट आपोआप वर होऊ लागले.

कूबर पीडीविषयी लिहावे तितके थोडे. पण आज तो विषय नव्हे. १९१५ साली बापाबरोबर सोने शोधावयास आलेल्या चौदा वर्षांच्या मुलास तेथे क्षीरस्फटिक, म्हणजे ओपल, सापडला, आणि तेव्हापासून लोक टेकड्या पोखरून आत राहतात. उन्हाळ्यात बाहेर चाळीस अंशांच्या वर तापते, आत पंखासुद्धा लागत नाही. अशा एका कोरलेल्या खोलीत आम्ही दोन रात्री काढल्या. भिंतीस खिडकी नाही, बाहेरचा आवाज नाही. पहिल्या रात्री आम्हास फार शांत झोप लागली व दुसऱ्या रात्री मुळीच लागली नाही.

तेथून हमरस्ता सोडून कच्च्या वाटेने १६६ किलोमीटरांवर विल्यम क्रीक येते. गाव म्हणजे एक खाणावळवजा मद्यगृह आणि मोजकी माणसे. भोवती अ‍ॅना क्रीक नावाचे गुरांचे कुरण. गुरे राखण्याचे एवढे मोठे कुरण जगात दुसरे नाही. एकट्या त्या कुरणाचा विस्तार आमच्या सबंध पुणे जिल्ह्याएवढा. तेथल्या गृहस्थाने आमच्याकडे न पाहता आभाळाकडे पाहिले व सांगितले की, आज पाऊस येईल, येथेच राहा. पाऊस पडला की वाट बंद करतात. चार माणसांचे ऐकून वागण्याचा कंटाळा आला म्हणूनच तर आम्ही इतक्या दूर आलो होतो. आभार मानून आम्ही निघालो.

विल्यम क्रीकहून मरीपर्यंतची ही दोनशे किलोमीटरांची वाट फार जुनी आहे. या प्रदेशाच्या पोटात पाण्याचा अफाट साठा आहे व तो ठिकठिकाणी झऱ्यांच्या रूपाने वर येतो. मूळचे आरबाना लोक झऱ्यावरून झऱ्याकडे जात. त्यांच्या मागोमाग स्टुअर्ट गेला. १८७२ साली पुरी झालेली तारायंत्राची ओळ तशीच गेली, आणि आगगाडीही तशीच. ती आगगाडी १९८० साली बंद झाली. आता पडकी स्थानके उरली आहेत. आगगाडीच्या आधी माल वाहिला तो उंटांनी. १८६६ साली शंभराहून अधिक उंट व त्यांचे राखणदार या मुलखात आणले, ते कराचीच्या बंदरातून. तेव्हाची कराची मुंबई इलाख्यात होती, हे आठवून आम्हास उगीच जवळीक वाटली. ते उंटवाले बायकामुले मागे ठेवून एकटे आले होते, आणि त्यांतले कित्येक परत गेलेच नाहीत.

पहिले चाक कावर्ड स्प्रिंग्ज नावाच्या झऱ्यानंतर फुटले. तीक्ष्ण खडे टायर कापतात. जॅक लावून, पाना फिरवून आम्ही स्टेपनी चढविली आणि स्वतःवर बेहद्द खूष झालो. कर्डिमर्काचे पडके स्थानक मागे टाकल्यावर दुसरे चाक बसले. दुसरी स्टेपनी काढून पाहतो तो तिच्यात हवाच नाही! यादीत लिहिलेला हवेचा पंपही गाडीत नव्हता. गाडी देणाऱ्या कंपनीचे नाव आम्ही घेत नाही. कारण ती यादी न पडताळता खाली सही करणारे आम्हीच. घरच्या कागदावर दोन वर्षे सही न करणारे गृहस्थ ते हेच!

अडीच वाजले होते. मरी अजून ऐंशी-नव्वद किलोमीटर. तीन वाजता पाऊस सुरू झाला. आमच्या आषाढसरींपुढे तो पाऊस म्हणजे शिंतोडेच. परंतु अर्ध्या तासात तांबड्या मातीचा असा चिखल झाला की पाऊल टाकताच जोडा पायातून निघू लागला. वाट दोन्ही टोकांनी बंद झाली असणार, म्हणजे आज कोणी यावयाचे नाही, हे ध्यानात आले. अशा वेळी गाडी सोडून जाऊ नये, हा तेथील पहिला नियम. डिसेंबर १९९८ मध्ये याच बाजूस गाडी वाळूत रुतल्यामुळे एक ऑस्ट्रियन तरुणी मदतीसाठी चालत निघाली व उन्हाने वाटेतच गेली. तिचा सोबती गाडीजवळ राहिला, तो वाचला. आम्ही राहिलो.

ते बटण दाबावे काय? हा विचार आम्ही किमान वीस वेळा केला. जवळ एकतीस लिटर पाणी होते, धपाटे होते, अंगास खरचटलेलेही नव्हते. जिवास धोका नव्हता. धोका होता तो आमच्या फुशारकीस. तिच्यासाठी विमान बोलावणे योग्य नव्हे. बटण दाबले नाही. सायंकाळी सहा वाजता पुतण्यास फोन करावयाचा ठरला होता. ती वेळ टळताना घड्याळाकडे पाहणे हीच त्या दिवसातली खरी शिक्षा. कुठे तरी आपली वाट पाहणे सुरू झाले आहे, हे कळत होते आणि कळविता येत नव्हते.

रात्र फार थंड होती. पाऊस थांबला, पण मागच्या बाकावर अंग आखडून झोप येईना. लांबवर रानकुत्रा एकदाच ओरडला. घरी आम्ही शेजारच्या खोलीतील दादांच्या घोरण्याविषयी तीस वर्षे तक्रार केली आहे. भिंत पातळ आहे. नव्या इमारतीतल्या तीनशे फुटांपैकी काही फूट आम्हास त्या भिंतीच्या जाडीसाठीच हवे होते, असे म्हटले तरी चालेल. आणि त्या बाकावर आम्ही हिशेब करीत बसलो की, वर्षाच्या मुलाचे वजन किती असते, आणि दहा वर्षांच्या पोराने पावसात, गर्दीत, मागून पाणी येत असता ते घेऊन पर्वतीच्या किती पायऱ्या चढावयाच्या. ही कथा आम्ही शेकडो वेळा ऐकली होती. तिचे वजन मात्र कधी केले नव्हते.

पहाटे आभाळ स्वच्छ झाले. आग्नेयेस एक मोठा तारा ठळक वर आलेला. पुण्यास तो हिवाळ्यात दक्षिणेकडे थोडासाच वर येतो, म्हणून ओळखावयास वेळ लागला. अगस्ती! आम्हास मातोश्रींची आठवण होऊन हसू आले, आणि मग हसू राहिले नाही.

अकराच्या सुमारास एक चिखलाने माखलेली गाडी आली. पोलिसांचा निरोप गेल्यावरून जवळच्या कुरणातला मनुष्य आला होता. ‘जवळच्या’ म्हणजे दीड तासाच्या वाटेवरून. त्याने आमच्या चाकात हवा भरली, छिद्र बुजविले, गूळपापडीची एक वडी खाल्ली, दुसरी मागून घेतली व पैसे घेतले नाहीत. मरीपर्यंत तो आमच्या पुढे राहिला. वळताना त्याने एक बोट वर केले.

मरीत उंटवाल्यांच्या मशिदीची मातीची प्रतिकृती आहे. तिच्यासमोर गाडी उभी केली तोच खिशातला दूरध्वनी वाजू लागला. पुतण्यास आम्ही लावणार होतो, पण त्याआधी हा आला. पुतण्याने आदल्या रात्री नऊ वाजता, म्हणजे पुण्याच्या पाच वाजता, तिसरे नाव असलेल्या माणसास कळविले होते. तेव्हापासून तो मनुष्य दर पाव तासाने आमचा क्रमांक फिरवीत बसला होता, हे वहिनींनी पुढे सांगितले.

"पाणी होतं ना जवळ?" दादांनी विचारले.

"होतं."

"किती?"

"एकतीस लिटर. अठ्ठावीस उरलंय."

"बरं." नंतर बराच वेळ काही नाही. मग, "आईला देतो."

तीनशे फुटांचे अद्याप ठरलेले नाही. पुण्यास आल्यावर तिसऱ्या दिवशी दादा जिन्यातच थांबले व नकाशा आहे काय म्हणून विचारले. आम्ही तो आणून कठड्यावर पसरला. भिंग लावून त्यांनी ती वाट बोटाने दोनदा चालून पाहिली आणि विल्यम क्रीकवर बोट ठेवून म्हणाले, "इथं तो माणूस सांगत होता, तर थांबला का नाहीस?"