खेळ कुणाच्या मालकीचा?

पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. शेजाऱ्याला वाचायला द्यावे, समासात मतभेद नोंदवावेत, कंटाळा आला की रद्दीवाल्याच्या तराजूत टाकावे. प्रकाशक दारात येऊन जाब विचारीत नाही. संगणकावरील खेळांच्या बाबतीत ही साधी गोष्ट गेल्या वीस-बावीस वर्षांत हळूहळू नाहीशी झाली, आणि तिची झळ पहिल्यांदा लागली ती पीसीवर खेळणाऱ्यांना. पीसी श्रेष्ठ की कन्सोल, हा वाद लता की आशा या वादाइतकाच अखंड आहे आणि त्याचा निकाल लागावा अशी कुणाचीच मनापासून इच्छा नसते. चित्र कुठे अधिक रेखीव, हातात माऊस बरा की कंट्रोलर, याविषयी आम्हांस फारसे म्हणायचे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे: खेळ विकणारा आपल्या गिऱ्हाइकाकडे कोणत्या नजरेने पाहतो?

पनवेलसारख्या गावात (तेव्हा ते गावच होते, महानगरपालिका व्हायला २०१६ उजाडावे लागले) हा प्रश्न मुंबईपेक्षा निराळ्या रीतीने उभा राहिला. कन्सोल ही केवळ खेळण्यासाठी आणायची वस्तू. सप्टेंबर २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला तो १९,९९० आणि २३,९९० रुपयांना. एप्रिल २००७ मध्ये प्लेस्टेशन ३ आला तो ३९,९९० रुपयांना. फ्रीज बदलायचा तरी दिवाळीच्या बोनसची वाट पाहणाऱ्या घरात एवढी रक्कम मुलांच्या करमणुकीवर खर्च करण्याचा प्रस्ताव मांडण्याचे धैर्य कुणाला होणार? पीसी मात्र अभ्यासाच्या नावाखाली घरात येई. एमएस-सीआयटी होती, इंजिनिअरिंगचा प्रवेश होता, 'पुढे सगळे संगणकावरच होणार आहे' हे वडीलधाऱ्यांचे भाकीत होते. पूजा होऊन, मॉनिटरला हळदकुंकू लागून आलेल्या त्या यंत्रावर खेळ हा मागच्या दाराने शिरलेला पाहुणा. पण त्या काळी आमच्यासारख्या बहुतेकांसाठी उघडे असलेले दार तेवढे एकच होते.

त्या दाराची खरी किंमत कळली ती क्रिकेटमुळे. नोव्हेंबर २००६ मध्ये ई.ए. स्पोर्ट्‌सचा 'क्रिकेट २००७' पीसी आणि प्लेस्टेशन २ या दोहोंसाठी आला. गंमत अशी की तो घडवला होता कॅनडातील एचबी स्टुडिओज या कंपनीने. हक्कांच्या अडचणीमुळे भारतीय खेळाडूंची नावे त्यात मोडतोड करून घातलेली. आपलाच संघ परक्या वेषात वावरताना पाहावा लागे. त्यानंतर ई.ए.ने ना पीसीसाठी क्रिकेटचा खेळ काढला, ना कन्सोलसाठी. म्हणजे २००७ चा ट्वेंटी-२० विश्वचषक, २००८ ची पहिली आयपीएल, २०११ चा वानखेडेवरील अंतिम सामना, हे सारे घडण्याआधीच प्रकाशकाने आपली दुकानाची फळी खाली ओढून घेतली होती.

येथे पीसी आणि कन्सोल यांच्या वाटा फुटल्या. प्लेस्टेशनची तबकडी होती तशीच राहिली. सर्वसाधारण खेळाडूला तिच्यात काही बदलता येईना. पीसीवर मात्र खेळाच्या फायली हार्ड डिस्कवर समोर पडलेल्या. कुणी नावे सुधारली, कुणी जर्सी रंगवल्या, कुणी चेहरे, बॅटी, मैदाने घातली. आयपीएलचे संघ आले, त्यांचे दरवर्षीचे लिलावही मागोमाग आले. कुठला तरी विद्यार्थी रात्र जागून हे करी, फुकट वाटून टाकी, आणि कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवर बसून तो 'पॅच' नवीन पनवेलच्या सेक्टरांतून हिंडे. प्रकाशकाने सोडून दिलेला खेळ गिऱ्हाइकांनी अशा रीतीने वर्षानुवर्षे सांभाळला. कूळकायद्याच्या महाराष्ट्रात निराळे सांगायला नको: जमीन कसणारा कोण आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचे, यात पुष्कळदा अंतर असते.

आणि हे केवळ हौशी मंडळींचे उपद्व्याप नव्हेत. 'काउंटर-स्ट्राइक' हा खेळ १९९९ मध्ये जन्मला तोच मुळी 'हाफ-लाइफ' या १९९८ च्या खेळात हौशी तरुणांनी केलेल्या बदलांतून. पुढे व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेऊन २००० मध्ये स्वतः बाजारात आणला. पनवेलच्या सायबर कॅफेंमध्ये तासावर पैसे मोजून जो खेळ पोरे आरडाओरडा करीत खेळत, तो पीसीच्या या मोकळेपणाचेच अपत्य होता. त्याला इंटरनेटही लागत नसे. दहा यंत्रे एका तारेने जोडली की रणांगण तयार.

आता प्रकाशकांची बाजू. ती ऐकून न घेता निवाडा करणे बरे नव्हे. कन्सोलचे यंत्र सर्वत्र एकच; पीसीचे मात्र घराघरांत निराळे, कुणाकडे ग्राफिक्स कार्ड आहे, कुणाकडे नाही, कुणाकडे रॅम अपुरी. सगळ्यांवर खेळ चालवून पाहण्याचा खर्च मोठा. शिवाय चोरी. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मूळ किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळणाऱ्या सीडींचा धंदा कुणाला ठाऊक नव्हता? २००७ मध्ये 'क्रायसिस' हा खेळ केवळ पीसीसाठी काढणाऱ्या क्रायटेक कंपनीने पुढच्याच वर्षी, चोरीचे कारण देऊन, यापुढे केवळ पीसीसाठी खेळ काढणार नाही असे सांगितले. चोरीचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र एवढे नमूद केले पाहिजे की पनवेलहून मूळ तबकडी आणायची तर कुर्ला, दादर अशा गाड्या बदलत ग्रँट रोड गाठावे लागे, आणि तिथेही नकली माल पदपथावर हात धरून बोलावी, तर अस्सल माल शोधावा लागे.

पण चोरांना आवर घालण्यासाठी प्रकाशकांनी जे केले त्याचा जाच झाला तो चोरांना नव्हे, पैसे मोजणाऱ्यांना. २००८ च्या 'स्पोअर' या खेळाला तीनच वेळा सक्रिय करण्याची मर्यादा होती. ओरड झाल्यावर ती पाच केली गेली. चोरांनी कुलूप तोडून टाकल्यामुळे त्यांना ना तीनचे बंधन, ना पाचचे. आमच्याकडेही अशाच अटीचा एक खेळ होता. प्रकाशकाचे नाव घेण्याचे कारण नाही. एका पावसाळ्यात विजेच्या लपंडावाने हार्ड डिस्क दोनदा गेली, विंडोज पुन्हा घातले, आणि तिसऱ्या खेपेस उत्तर आले की आपला कोटा संपला. पत्र धाडले, तर बिलाचे छायाचित्र मागितले गेले. बिल होते, पण थर्मल कागदावरची अक्षरे तोवर उडून गेली होती. कोऱ्या कागदाचे छायाचित्र पाठवून आपण प्रामाणिक आहोत हे सिद्ध कसे करावे, याचे उत्तर आम्हांस अद्याप सापडलेले नाही.

मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्टने 'असॅसिन्स क्रीड २' पीसीवर आणला तेव्हा तर एकट्याने खेळायच्या खेळालाही इंटरनेटची अखंड जोडणी सक्तीची केली. कन्सोलवर हाच खेळ चार महिने आधी आला होता, अशा कुठल्याही सक्तीविना. त्याच महिन्यात कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेले पीसीवाले आपापल्या घरी कुलपाबाहेर उभे राहिले. पॅरिसमधल्या कुणाला भारनियमन ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्याकडे मात्र दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर संगणक चालू राही, आणि गल्लीच्या तोंडाशी खांबावर टांगलेली केबलवाल्याची पेटी तेवढी मरून जाई. खेळ घरात, यंत्र घरात, वीजही घरात; केवळ परवानगी बाहेर. २०१२ मध्ये कंपनीने ही अट सोडल्याचे जाहीर केले. तोवर व्हायचे ते झाले होते.

२००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' ने आणखी एक गोष्ट काढून घेतली. खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर उभारण्याची पीसीवरील जुनी मुभा त्यात नव्हती आणि लॅनवर खेळण्याची सोयही नव्हती. लाखांवर लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, कंपनी ढिम्म. अमेरिकेत पीसीच्या खेळाची रूढ किंमत ५० डॉलर असताना या खेळाला मात्र कन्सोलप्रमाणे ६० डॉलर लावले गेले. सोयी कमी आणि दाम जास्त. तारेने जोडलेल्या दहा यंत्रांच्या सायबर कॅफेला अशा खेळाचा काय उपयोग?

क्रिकेटच्या बाबतीत तर ही वागणूक तारखांनिशी मांडता येते. कोडमास्टर्सचा 'अ‍ॅशेस क्रिकेट २००९' पीसीवर आला. त्याच कंपनीचा 'इंटरनॅशनल क्रिकेट २०१०' केवळ प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ५०५ गेम्सचा 'अ‍ॅशेस क्रिकेट २०१३' पीसीवर अवतरला, तो इतका अर्धाकच्चा की काही दिवसांतच मागे घेऊन पैसे परत करावे लागले. पुढच्या वर्षीचा 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' चांगला निघाला, पण एप्रिलमध्ये कन्सोलवाल्यांना आणि जूनमध्ये आम्हांला. क्रिकेटवेड्या देशात बहुसंख्यांकडे जे यंत्र होते, त्याच्या पानात वाढायची वेळ नेहमी दुसऱ्या पंगतीला यावी, हे विचित्र खरेच. इतर खेळांत पंगत याहून लांबली. 'जीटीए ५' सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. 'रेड डेड रिडेम्पशन' २०१० चा, तो पीसीवर यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला.

मग पीसीवाले पैसे मोजीतच नाहीत, हा आरोप खरा होता काय? व्हॉल्व्हच्या स्टीम या दुकानाचे उदाहरण पाहावे. २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' साठी त्याची सक्ती झाली तेव्हा आमच्यासारख्यांनी नाके मुरडली होती. पण पुढे तिथे वर्षाकाठी मोठ्या सवलती लागू लागल्या आणि २०१५ च्या अखेरीस भारतासाठी किमती रुपयांत दिसू लागल्या. परदेशी चलनाचे कार्ड नसलेल्या मुलाला घरबसल्या, आवाक्यातल्या दरात अस्सल वस्तू मिळू लागली, आणि ग्रँट रोडची खेप वाचली. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी आपली पहिली अस्सल खरेदी केली ती तेव्हा. चोर म्हणून वागवल्याने जे झाले नाही ते गिऱ्हाईक म्हणून वागवल्याने झाले. आता स्टीमवरही आपण घेतो तो परवानाच, मालकी नव्हे. पण निदान दुकानदार हसून बोलतो.

कन्सोलच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पीसी मोकळा असला तरी त्यावरील खेळ एकदा खात्याला जोडला गेला की तो विकता येईना, मित्राला देता येईना. कन्सोलची तबकडी मात्र खुशाल उसनी द्यावी, अर्ध्या किमतीत दुकानदाराला परत विकावी. पुस्तकाशी जवळचे नाते या बाबतीत कन्सोलचेच होते. परंतु तेही टिकले नाही. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची तबकडीची खाचच नसलेली आवृत्ती आली. ३१ मार्च २०२४ रोजी युबिसॉफ्टने २०१४ च्या 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पीसीवाला आणि कन्सोलवाला दोघेही एकदमच बेघर झाले. तबकडी हातात असूनही खेळ नाही. 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ त्यातूनच उभी राहिली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला की विकला जातो तो परवाना असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगावे. जे आधी पीसीवाल्यांवर करून पाहिले गेले, ते पुढे सर्वांच्या वाट्याला आले, एवढाच याचा अर्थ.

घरच्या मंडळींकडे पाहिले तरी चित्र तेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्‌स गेम्सने घडवलेला 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा देखणा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्यांदा आला तो निन्टेंडो स्विचवर, म्हणजे ज्या यंत्राची भारतात कंपनीकडून अधिकृत विक्रीच होत नव्हती त्यावर. पुण्यात घडलेला खेळ पनवेलच्या पीसीवर यायला ऑक्टोबर उजाडला. लहान स्टुडिओला आम्ही मुळीच दोष देत नाही. जिकडे पाठबळ मिळते तिकडे त्याला जावेच लागते. पण पाठबळ कुठल्या दिशेने वाहते हे त्यावरून दिसतेच.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. एकट्याने खेळायचा खेळ तारेविना चालावा. सर्व्हर बंद करायचा तर जाताना किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, म्हणजे ज्यांना हौस आहे ते आपला सर्व्हर आपण चालवतील. आणि विकायचा परवाना असेल तर फलकावर 'विक्री' असे लिहू नये. 'क्रिकेट २००७' चे उदाहरण समोर आहेच: त्याच्या प्रकाशकाने पाठ फिरवली, तरी तो इंटरनेटवरून कुणाची परवानगी मागत नव्हता आणि त्याच्या फायली उघडता येत होत्या, एवढ्या दोनच गोष्टींवर तो आपल्या वारसांच्या हाती टिकून राहिला. आज विकल्या जाणाऱ्या खेळांपैकी किती वीस वर्षांनी असे टिकतील, याचा हिशेब प्रकाशकांनी नाही तरी आपण, पैसे मोजण्यापूर्वी, करायला हरकत नसावी.