भेगांचा हिशेब

ज्या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिली, त्या आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘भेग’ हा शब्द कोणाच्याही कानांस गोड लागत नाही. सास्तूरकडील माणसांजवळ तर तो उच्चारूही नये. परंतु याच जिल्ह्यात भेगेवाचून घागरभर पाणी मिळत नाही, हेही तितकेच खरे. आमच्या पायांखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून झाला. मुरमाच्या खाली गेले की पाण्याचा सारा भरवसा त्या थरांमधील सांध्यांवर आणि लाव्हा निवताना आकसून पडलेल्या भेगांवर.

मी तर्कशास्त्राचा अध्यापक; दगडाशी माझा संबंध मैलाच्या दगडापुरता. तथापि नळदुर्गजवळ भूशास्त्राचे एक स्नेही कातळावर फीत ताणून भेगा मोजीत होते, तेव्हा कुतूहलाने मी त्यांची वही धरली. फितीला छेदणाऱ्या प्रत्येक भेगेची दिशा, तिचा उतार, शेजारणीपासूनचे अंतर, लांबी, फटीची रुंदी, आत माती आहे की पाणी – वधूपरीक्षेतही इतकी चौकशी होत नसेल!

वही भरल्यावर ते म्हणाले, “आता या संख्येवर सरळ विश्वास ठेवू नका.” कारण फितीला आडव्या येणाऱ्या भेगा तिला पुष्कळ भेटतात, समांतर धावणाऱ्या मात्र अगदी जवळ असूनही भेटत नाहीत. रूथ टर्झागी या विदुषीने १९६५ मध्ये यावर हिशेब सांगितला. फीत आणि भेगेचे प्रतल यांच्यामधला कोन ३० अंशांचा असला, तर सापडलेली एक भेग दोन धरावी. पण तो कोन शून्याजवळ आला की हा हिशेबही लटका पडतो. मग उपाय एकच : फितीची दिशा बदलणे.

हे ऐकताना मला एका विद्यार्थ्याचे वडील आठवले. त्यांच्या शेतातले दोन बोअर कोरडे गेले होते आणि तिसऱ्यासाठी कर्ज काढण्याचे घाटत होते. बोअर म्हणजे तरी काय? जमिनीत उभी सोडलेली फीतच! उभ्या समांतर भेगा १ मीटर अंतरावर असल्या, तर १५ सेंटिमीटर रुंदीच्या बोअरला त्यांतली एखादी भेटण्याचा योग शंभरात पंधरा; ६ मीटर व्यासाच्या जुन्या विहिरीला त्याच भेगा सहाएक भेटतात. मी स्नेह्यांना त्या शेतावर नेले. आजोबांच्या आटलेल्या विहिरीच्या कडा त्यांनी मोजल्या आणि तिच्या पोटातून, भेगांना आडवे जातील असे, दोन आडवे बोअर घेण्यास सुचविले.

पाणी उसापुरते आले नाही. जनावरांपुरते आणि थोड्या ज्वारीपुरते आले. तिसरे कर्ज मात्र टळले. विहिरीच्या काठावर उभे राहून ते गृहस्थ म्हणाले, “पाणी हितंच होतं, गुरुजी. आम्हीच त्याच्या शेजारनं सरळ खाली गेलो.”

तर्कशास्त्राच्या वर्गात हे वाक्य मी तेव्हापासून पहिल्याच तासाला सांगतो.