ओझ्याची वाट

धनगरवाड्यावर पोचल्यावर मी "इथून कोकणात उतरायला वाट आहे का?" असं विचारत नाही. त्याला उत्तर एकच येतं, "हाय की." ते खोटंही नसतं, कधीकाळी तिथून कुणीतरी उतरलेलं असतंच. मी विचारते, ढोरं जायची का? डोक्यावर ओझं घेऊन जाता यायचं का? पावसात चालायची का? शेवटचं कोण गेलं, आणि कशासाठी?

सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांवर माणसं घेऊन जाणं हे माझं काम. या कामातलं मला जे काही येतं, त्यातलं बरंचसं या प्रश्नांच्या उत्तरांतून आलेलं आहे. ढोरं उतरत असतील तर वाटेत सरळसोट कातळटप्पा नाही, पायाखाली रुंदी आहे, वळणं मोठी आहेत. माणसं भारा घेऊन जात असतील तर चढ छातीवर येईल, पण दोन्ही हात डोक्यावरच्या ओझ्याला देऊन चालता येईल. "मानूस जातं, पर मोकळं" असं ऐकलं की पाठपिशवीत दोर, टेप आणि कॅरॅबिनर जातात. आणि एखादे मामा "वानराची वाट हाय ती, ताई" म्हणाले, तर गटाला मी दुसरीकडे नेते आणि ती वाट दोघा-तिघा जाणत्यांबरोबर बघायला राखून ठेवते. गिर्यारोहणात चढाईची श्रेणी ठरवायच्या रीतसर पद्धती आहेत. त्या मी शिकले, शिकवतेही. पण घसाऱ्याचा, कारवीचा, सुट्या दगडांचा सह्याद्री त्यांत नीट बसत नाही. ओझ्याचं माप लावलं की तो बरोबर मोजला जातो.

बायकांना विचारलं तर आणखी वेगळं कळतं. बाप्ये बहुधा कड्यावरची, मधाची वाट सांगतात. त्यात थोडी ईर्षा असते. आजी माहेरची वाट सांगते. घाटमाथ्यावरच्या आणि कोकणातल्या गावांच्या सोयरिकी होत्या. लेकी कडा उतरून नांदायला जायच्या आणि कडा चढून बाळंतपणाला यायच्या. परत जाताना कडेवर पोर, डोक्यावर बोचकं. अशी आजी बसल्या जागी हाताने हवेत वाट काढून दाखवते. इथं आंब्याखाली दम खायचा. इथं पाणी. इथं वाघजाईला हात जोडायचे. "आन् हितं पोर पाठीशी बांधायचं." हे शेवटचं वाक्य मला नकाशावरच्या कोणत्याही खुणेहून मोलाचं वाटतं. पोर पाठीशी बांधायचं, म्हणजे तिथे कातळाला हात लावावे लागतात.

वाट नेमकी तिथूनच का जाते, याचं उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचं पठार झालं. कोकणातून वर पाहिलं की सह्याद्रीची भिंत भाकरींच्या चवडीसारखी दिसते. काळा उभा कातळ, मग गवताचा आडवा पट्टा, पुन्हा कातळ, पुन्हा पट्टा. दोन थरांच्या मधला भाग पुष्कळदा मऊ, कुजका, कधी लालभडक असतो. तो आधी झिजतो, वरचा कातळ पुढे येऊन राहतो आणि त्याच्या पोटाखाली चालण्याजोगी पट्टी तयार होते. घाटवाट या पट्ट्यांच्या आधाराने चढते. एका थरात फट सापडली की वर यायचं, पट्टी धरायची, आणि पुढच्या थरातली फट येईपर्यंत आडवं चालत राहायचं. नवख्याला ही आडवी चाल सोसत नाही. माथा तर डोक्यावर दिसतोय, मग वाट डावीकडे भलतीकडेच का चाललीय? तो मध्येच वाट सोडून सरळ वर घुसतो आणि कातळाखाली अडकतो. सह्याद्रीत माणसं बहुतेकदा अशी हरवतात. रान घनदाट असतं म्हणून हरवतात असं नाही, धीर सुटतो म्हणून हरवतात.

याच पट्टीवर पाणीही असतं. पावसाचं पाणी वरच्या कातळातल्या भेगांतून झिरपत खाली येतं, मधला थर त्याला अडवतो, आणि ते आडवं बाहेर फुटतं. होळीनंतर ओढे आटलेले असतात तेव्हा मी ओढ्यात पाणी शोधत नाही. कातळाच्या पायथ्याची रेघ डोळ्यांनी चाळते. उंबर दिसला, रानकेळी दिसल्या, दुपारच्या उन्हात मधमाश्या एकाच जागी ये-जा करताना दिसल्या, की तिकडे जायचं. मात्र वर मान करून आग्या मोहोळ कुठे लटकलंय तेही बघायचं. मोहोळ दिसलं तर अत्तर, सिगारेट, आरडाओरडा, सगळं बंद. या बाबतीत मी कुणाशीही चर्चा करत नाही.

वाटा साधारण दोन जातींच्या. एक नाळेची, दुसरी दांडाची. नाळ म्हणजे कड्यात वरपासून खालपर्यंत गेलेली घळ. सकाळी तिथे सावली असते, दोन्ही अंगांना भिंत असल्याने उंचीची भीती वाटत नाही, आणि वाट चुकायची शक्यता कमी. पण दगड सगळे नाळेत येतात, आणि पावसाळ्यात तिचा धबधबा होतो. दांडावर, म्हणजे डोंगराच्या सोंडेवर, उन्हात भाजून निघावं लागतं, दोन्हीकडे दरी असते, पण पाणी तिथे थांबत नाही. म्हणून जुन्या गावांना पुष्कळदा दोन-दोन वाटा असत. "पावसात चालायची का?" या माझ्या प्रश्नाचं कारण हेच. एका वाटेवर नकार आला की मी लगेच दुसरीची चौकशी करते, कारण आषाढातही माणसं आजारी पडायची आणि मयतीला जावंच लागायचं.

बेलपाड्याचं उदाहरण घ्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखालचं हे गाव. तिथून नळीची वाट कड्याला खेटून वर चढते. तीत कातळटप्पे आहेत, दगडांची रास आहे, आणि ती करून आल्यावर ट्रेकरला आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. त्याच गावातून साधले घाटही चढतो. तुलनेने साधा. आम्ही हौसेने पहिली निवडतो. ज्यांना घाटावर खरोखर काम होतं, त्यांची पसंती दुसरीला असणार. दोन्ही चालल्याशिवाय बेलपाडा कळला असं मी मानत नाही.

नकाशा मी बरोबर ठेवते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, 47 ई आणि 47 एफ या मालिकांत, महाराष्ट्रातल्या घाटवाटांचा मोठा पट्टा येतो. आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' घेऊन डोंगरात शिरलेल्या पिढ्यांची मी ऋणी आहे. पण 1:50,000 च्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये 20 मीटरचं अंतर असतं, आणि घाटवाटेचा निकाल लावायला दहा मीटरचा कातळ पुरतो. तो कातळ त्या दोन रेषांच्या मध्ये आरामात लपतो. उपग्रहाच्या चित्रात उभा कडा तर जवळजवळ दिसतच नाही, कारण ते वरून घेतलेलं असतं. तिथे पुन्हा आजीकडेच जावं लागतं.

आणि आजी आता थोड्या उरल्या आहेत. त्यांच्याबरोबर वाटांची कारणं चालली आहेत. नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख कोरला गेला आणि तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवतात, कारण जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे तिथून जात होता. लहान नाळांचा व्यापार त्याहून पुष्कळ लहान. वरून तूप, खालून मीठ आणि सुकी मासळी. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 मध्ये तिथून रेल्वे वर चढली, 1865 मध्ये थळघाटातून. मोठ्या वाटांचा जोर तेव्हाच गेला. लहान वाटा पुढे शंभरेक वर्षं तगल्या, कारण मीठ आणि माहेर त्यांच्याकडेच होतं. मग एसटी आली, किराणा दुकान आलं, आणि पोरी पुण्या-मुंबईला दिल्या जाऊ लागल्या. ते चांगलंच झालं. बाळंतिणीने कडा चढावा असं मला कधीही म्हणायचं नाही.

पण पाय थांबले की कारवी येते. वर्षभर कुणी गेलं नाही तर वाट दिसेनाशी होते, पाचेक वर्षांत कोयता चालवल्याशिवाय शिरता येत नाही. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. फुलोऱ्याच्या वर्षी डोंगर जांभळे होतात, लोक फोटो काढायला येतात. मला चिंता पुढच्या वर्षाची असते. तेव्हा उतारावरच्या काठ्या वरवर शाबूत दिसतात पण मुळापासून वाळलेल्या असतात, आणि नेहमीच्या सवयीने झुडूप धरून उतरणाऱ्याच्या मुठीत अख्खी कारवी उपटून येते. त्या हंगामात मी गटाला सांगते, आधी ओढून बघा, मग वजन टाका. नेहमीच्या वाटेवरही एरवीपेक्षा जास्त दोर लावते.

आता अनेकजण मोबाइलवर आयता ट्रॅक घेऊन येतात. मी त्याच्या विरोधात नाही. धुक्यात पठारावर तो मीही वापरते. पण कुणाची तरी पावलं कुठून गेली एवढंच ट्रॅक सांगतो. 2021 च्या जुलैत तळिये गावावर दरड कोसळली, माणसं गेली, आणि त्याच पावसात महाड-पोलादपूरच्या डोंगरांवर जागोजागी दरडी सुटल्या. अशा वेळी वाटेचा तुकडाच्या तुकडा निघून जातो. मोबाइलवरची रेघ तिथे हवेतून जाते. वाट पट्टीवर का आली होती, पुढची फट कुठल्या थरात आहे, भारेकरी कुठे वळला असता, हे ज्याला माहीत आहे तो पन्नास पावलं मागे येतो, वरची किंवा खालची पट्टी धरतो आणि पुन्हा वाटेला लागतो. ज्याला हे माहीत नाही त्याने मागे फिरावं. मागे फिरायला पुरेसा उजेड हातात राहील, अशी वेळ निघतानाच ठरवलेली असावी.

नाळेत माणसं उतरवणं हा वेगळाच अभ्यास. घसाऱ्यात दोन माणसांमध्ये मोठं अंतर सोडू नये, कारण वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड जवळच असेल तर त्याला वेग आलेला नसतो. एकतर सगळे खेटून चालतील, नाहीतर एकजण वळणाआड आडोशाला पोचेपर्यंत बाकीचे जागच्या जागी थांबतील. दगड सुटला की ज्याच्या पायाखालून सुटला त्याने ओरडायचं, लाजायचं नाही. शेपटाला नेहमी सर्वांत अनुभवी माणूस, कारण कातळटप्प्यावर त्याला वरून दोर धरणारा कुणी उरत नाही. मी पुढे असते असं लोक गृहीत धरतात. मी बहुतेक वेळा शेवटी असते.

पुढे असतो तो गावातला वाटाड्या. पण वाट मोकळी राहायला पायांना कारण लागतं. मोहरी-सिंगापूरच्या बाजूला लिंगाण्याला जाणाऱ्यांमुळे बोराट्याची नाळ आज मोकळी आहे. तिथे पायांना कारण मिळालं. बाकी नाळांना ते मिळावं म्हणून काही मंडळी कातळावर ऑइलपेंटचे बाण रंगवतात. कृपा करून असं करू नका. बाण कोकणात उतरण्यासाठी म्हणून काढलेला असतो, वाट मोडली तरी तो तिथेच राहतो आणि माणसाला कड्यावर नेऊन सोडतो. त्यापेक्षा वाड्यावरच्या विशीतल्या मुलाला बरोबर घ्या. त्याने ही वाट बहुधा ऐकलेली असते, चाललेली नसते. निघण्याआधी त्याच्या आजीसमोर त्याची मजुरी ठरवा, शहरात एक दिवसाच्या कामाला आपण स्वतः जे मागू तितकी. कोयता त्याच्या हातात द्या. आजी मग त्याला आपणहून सांगू लागते, आणि मला सांगताना न सांगितलेल्या कितीतरी खुणा त्याला सांगते. त्याने "फुडं जायाचं न्हाय" म्हटलं की आम्ही परततो, आणि त्या दिवसाची मजुरी त्याला पूर्ण मिळते.