काचेवरची शाई

हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाची छायाचित्रं असलेल्या पाच लाखांहून जास्त काचा आहेत. त्यांच्या कोऱ्या बाजूला शाईच्या खुणा होत्या: बाण, वर्तुळं, बारीक आकडे. काचा स्कॅन करण्यासाठी त्या खुणा पुसल्या, असं परवा वाचलं आणि तिथंच थांबले. पुसण्याआधी प्रत्येक काचेचा खुणांसकट फोटो घेतला आणि महत्त्वाच्या काही काचांना हातही लावला नाही, हे पुढं लिहिलं होतं. शाईखाली तारे झाकले जात होते, त्यामुळं कारण रास्तच आहे. तरी मन त्या शाईपाशी अडकलं.

डोळ्याला प्रकाश साठवता येत नाही. तासभर टक लावून पाहिलं तरी अंधुक तारा अंधुकच राहतो. काचेवरचा चांदीच्या क्षारांचा लेप मात्र येईल तो प्रकाश साठवत जातो. निगेटिव्हमध्ये आकाश पांढुरकं आणि तारे काळे, खसखस सांडल्यासारखे. त्यातून एकच दाणा वेगळा ओळखायचा आणि शाईनं खूण करायची, हे काम हार्वर्डला बायकांना दिलेलं होतं, तासाला पंचवीस-तीस सेंट मजुरीवर. वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या घरी पूर्वी मोलकरीण असलेल्या विल्यमिना फ्लेमिंग यांना 1888 च्या एका काचेवर मृग नक्षत्रातली ती काळी अश्वशीर्ष अभ्रिका दिसली.

आणि हेन्रिएटा लेव्हिट. त्यांना ऐकू कमी येई. त्या ज्या लहान मॅगेलन मेघाचा अभ्यास करत, तो हार्वर्डच्या क्षितिजावर कधी येतच नाही. काचा पेरूमधल्या आरेकिपाहून येत. एका रात्रीच्या निगेटिव्हवर दुसऱ्या रात्रीची पॉझिटिव्ह ठेवायची. जे तारे बदललेले नाहीत, ते जुळून जातात. जो बदलला, तो आपला ठिपका वेगळा दाखवतो. दोन्ही मॅगेलन मेघांत मिळून असे 1777 रूपविकारी तारे त्यांनी 1908 मध्ये जाहीर केले. त्यांतल्या काहींबद्दल एक नोंद होती: जास्त तेजस्वी ताऱ्यांचा तेज कमी-जास्त होण्याचा आवर्तकाळ मोठा. 1912 मध्ये पंचवीस ताऱ्यांवर ती पक्की झाली. लहान मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणजे तेजातला फरक खराच. आता नुसता आवर्तकाळ मोजून ताऱ्याचं खरं तेज कळणार होतं आणि त्यावरून अंतर. हा शोध छापलेल्या पत्रकावर सही पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला आहे, एवढं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे.

ऑक्टोबर 1923 मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांनी देवयानी अभ्रिकेच्या काचेवर एका ठिपक्याशेजारी नवताऱ्याचा, म्हणजे ‘नोव्हा’चा ‘एन’ लिहिला. मग तो खोडून लाल शाईत ‘व्हीएआर!’ लिहिलं. रूपविकारी! लेव्हिट यांचा नियम लावला आणि देवयानी आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडे गेली. लेव्हिट 1921 मध्येच वारल्या होत्या.

जेम्स वेब दुर्बिणीची रंगीत चित्रं मीही हौसेनं पाहते. तिचे कॅमेरे अवरक्त प्रकाश टिपतात, रंग नंतर विचारपूर्वक भरलेले असतात. त्यात लबाडी नाही, पण मला ती चित्रं फार पूर्ण वाटतात. कुणी बोट ठेवावं अशी जागा त्यांत उरलेली नसते.

आकाश काचेवर टिपायचा नाद आपल्याकडेही होता. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला 22 जानेवारी 1898 चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला जेऊरला गेले होते. पुणे-सोलापूर गाडीतून आपण ज्या जेऊरवरून बेफिकीर पुढं निघून जातो, तेच हे. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेनंही तळ तिथंच टाकला होता. 1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि वीस इंची दुर्बीण कोडाइकॅनलच्या वेधशाळेत गेली. पुण्यानं ती जाऊ द्यायला नको होती.

कोडाइकॅनलला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची सूर्याची छायाचित्रं जपलेली आहेत. त्यांतली पुष्कळशी आता स्कॅन होऊन सगळ्यांना खुली आहेत. शाळेत विज्ञानाच्या तासाला ती एकदा मुलांपुढं ठेवा आणि सूर्यावरचे डाग त्यांचे त्यांना मोजू द्या.