फुटाला सात इंच

परवा रात्री दोन वाजता बायकोला हलवून उठवलं. म्हटलं, "अगं, आजोबांचं छप्पर या पुस्तकात आहे!"

ती उठून बसली आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत त्यातला एक तक्ता वाचत राहिलो.

श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं, आजोबांचं कौलारू घर. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा बरीच कौलं फुटली, पण वासे जागेवर राहिले. शेजारच्या नव्या पडवीचे पत्रे मात्र सुपारीच्या बागेत जाऊन पडले. आता शाकारणीला माणसं मिळेनात, म्हणून यंदा पत्रा घालायचं ठरलं. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "उतार फुटाला दोन इंच ठेवू, पत्रे कमी लागतील." मला ते पटलंही होतं.

परवानगी विचारायला ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी, भाऊसाहेबांनी, समोर बसवून नीट समजावलं. ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 52: घर नव्याने बांधायचं किंवा पुन्हा उभारायचं, तर आधी परवानगी. पण नुसतं आच्छादन बदलणं वेगळं. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये परवानगी न लागणाऱ्या कामांची यादी आहे. रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणं यांच्याच रांगेत तिथे कौलं आणि छप्पर बदलणंही आहे. संहिता हा नमुना. गावाला लागू होतो तो राज्याचा नियम. उंची वाढवली, माळा चढवला, तर मामला बदलतो. "अर्ज द्या, पोच घ्या," ते म्हणाले, "घरपट्टीच्या नमुना 8 ला बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो." मग जाता जाता एक वाक्य बोलले: "परवानगीचं राहू द्या, वाऱ्याचं मानक वाचा."

हे मानक म्हणजे आयएस 875, भाग 3. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. सरकारी पुस्तक म्हटल्यावर रुक्ष असेल असं वाटलं होतं, पण उघडलं आणि मी त्यातच बुडालो!

त्यात देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. मुंबईपुढे लिहिलंय 44 मीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला 158 किलोमीटर. त्याचा वर्ग करून 0.6 ने गुणला की दर चौरस मीटरवरचा जोर न्यूटनमध्ये निघतो. वजनाच्या भाषेत सुमारे 118 किलो! उंचीचे, भूभागाचे गुणक लावले की आकडा हलतो, पण अंदाज एवढाच. आणि हा जोर छपराला खाली दाबतो असं मी आजवर धरून चाललो होतो. पण कमी उताराचं छप्पर वारा चक्क वर ओढतो! बुटक्या, रुंद घराच्या वाऱ्याकडच्या पाख्यासाठी तक्त्यात उतारागणिक या जोराला गुणायचे आकडे आहेत, उणे म्हणजे वरची ओढ. 10 अंशाला उणे 1.2. 20 अंशाला उणे 0.4. आणि 30 अंशाला शून्य!

दहा फुटी, साडेतीन फूट रुंद पत्र्याचा हिशोब मी वहीत तीनदा केला. 10 अंशाच्या उतारावर एकट्या पत्र्याला वरची ओढ साडेचारशे किलोच्या पुढे. त्यात वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं तर आतून वर ढकलणारी हवा वेगळीच. फॅब्रिकेशनवाल्याचे दोन इंच म्हणजे साडेनऊ अंश.

सकाळी उजाडताच आमच्या छपराचा उतार मोजायला सुतारकाकांना बोलावलं. माळ्यावर गेलो, वाशाच्या पोटाशी ओळंबा सोडला, आडवी पट्टी धरली. तीन फुटांना एकवीस इंच! काका म्हणाले, "फुटाला सातच. माझ्या बापाने हाच उतार काढला, त्याच्या बापानेही." बाराला सात म्हणजे 30 अंश आणि वर किंचित. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांनी तो तक्ता कधी पाहिला नव्हता, तरी तक्त्यातली शून्याची ओळ आमच्या डोक्यावर इतकी वर्षं उभी होती. आणि आकडेही कोणते, सात आणि बारा! सातबारा!

मागच्या पाख्यावर ओढ राहतेच, हेही तक्ता सांगतो. वळचण, आढं आणि कोपरे इथे ती सगळ्यात जास्त. म्हणून तिथे जे-हुक कमी अंतरावर लावायला हवेत, तेही पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रबरी वॉशर घालून. खोलगटात भोक पाडलं की पावसाचं पाणी तिथूनच आत. आणि रिपेला घट्ट बसलेला पत्रा वाशासकट जाऊ नये म्हणून वासे भिंतीवरच्या लाकडाला लोखंडी पट्टीने आवळायचे.

फॅब्रिकेशनवाल्याला वही दाखवली. तो बराच वेळ आकड्यांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "दादा, या पानाचा फोटो काढू? शेजारच्या पडवीचं काम माझंच होतं."

उद्या सकाळी आठला पहिला पत्रा चढतोय, फुटाला सात इंचांवर. ओळंबा ओसरीवर काढून ठेवलाय.