लिमाच्या गल्लीत जपान आणि पेरू एकाच ताटात

पेरू म्हटलं की आपल्याला तिखट-मीठ लावलेली फोड आठवते. पण दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच नावाचा एक देश आहे आणि जगभरचे खवय्ये सध्या त्याच्या राजधानीकडे, म्हणजे लिमाकडे, डोळे लावून बसले आहेत. 2025 मध्ये जगातल्या 50 सर्वोत्तम रेस्टॉरंट्सच्या प्रसिद्ध यादीत पहिला क्रमांक लिमाच्या ‘माइदो’ला मिळाला. शेफ मित्सुहारू त्सुमुरा यांनी 2009 मध्ये सुरू केलेल्या या रेस्टॉरंटमध्ये जपानी आणि पेरूवियन चवी एकत्र येतात. या पद्धतीच्या जेवणाला ‘निक्केई’ म्हणतात. जपानबाहेर स्थायिक झालेल्या जपानी वंशाच्या लोकांनाही निक्केईच म्हणतात.

माइदोचं बिल सगळ्यांच्या खिशाला परवडणारं नाही. पण काळजी करू नका. निक्केई जेवण जन्माला आलं ते साध्या लोकांच्या स्वयंपाकघरात आणि वस्तीतल्या छोट्या हॉटेलांत. तिथे ते आजही मिळतं.

आठ टेबलांचं हॉटेल

माझी मावसबहीण नोकरीनिमित्त लिमात राहते. तिने मला हेसूस मारिया या मध्यमवर्गीय भागात नेलं. पेरूतल्या जपानी समाजाचं सांस्कृतिक केंद्र याच भागात आहे. तिथून जवळच्या एका गल्लीत हे हॉटेल होतं. जेमतेम आठ टेबलं, त्यांवर प्लॅस्टिकचे आच्छादन, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉलची मॅच. गल्ल्याजवळच्या फळीवर हात हलवणारी जपानी मांजर आणि तिच्या शेजारी ‘सेन्योर दे लोस मिलाग्रोस’ची तसबीर. लिमाचे लोक ख्रिस्ताच्या या रूपाला फार मानतात. दोघं शेजारी-शेजारी अगदी सुखात होते.

ऑर्डर देण्याआधीच वाटीभर कांचा आली. हे तेलात परतलेले, मीठ लावलेले मक्याचे दाणे. आपल्या फुटाण्यांसारखे, एकदा हात घातला की वाटी संपेपर्यंत थांबत नाही.

मग आलं सेविचे. हा पेरूचा राष्ट्रीय मानबिंदू. तो करण्याच्या आणि खाण्याच्या परंपरेला 2023 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. ताज्या मासळीचे चौकोनी तुकडे, मीठ, लिंबाचा रस, उभा चिरलेला कांदा आणि मिरची. चूल पेटवायचीच नाही. लिंबाच्या आंबटपणामुळे मासा पांढरा आणि घट्ट होतो. सोबत उकडलेल्या रताळ्याची चकती आणि टपोऱ्या दाण्यांचा मका.

आईचं माहेर मालवणचं असल्याने मासे मला नवे नाहीत, तरी न शिजवलेला मासा म्हटल्यावर हात जरा अडखळला. पहिला घास घेतला आणि शंका गेली. आधी लिंबू, मग मिरचीचा झटका आणि शेवटी समुद्राची गोडसर चव. ताटात उरलेल्या आंबट-तिखट रसाला तिथे ‘लेचे दे तिग्रे’ म्हणजे वाघाचं दूध म्हणतात. बहिणीने तो चमच्याने प्यायला आणि मीही.

यात जपान कुठे आहे? पूर्वी सेविचेसाठी मासा कित्येक तास लिंबाच्या रसात मुरवत. जपानी लोकांना ताजा मासा कच्चा खायची सवय. त्यांनी हा वेळ काही मिनिटांवर आणला. आज सगळं लिमा तसंच खातं. नंतर आलेलं तिरादितो तर दोन्ही घरांचं लेकरू. यात मासा साशिमीसारखा पातळ कापतात, कांदा घालत नाहीत आणि वाढताना वरून पिवळ्या मिरचीचा सॉस ओततात. तिसरा पदार्थ होता ऑक्टोपसचे पातळ काप आणि त्यावर काळ्या ऑलिव्हचा जांभळट सॉस. कायाओ बंदरात हॉटेल चालवणाऱ्या रोसिता यिमुरा या निक्केई बाईंची ही देणगी. आता तो पेरूत सगळीकडे मिळतो.

उसाच्या मळ्यापासून सुरुवात

हा मेळ कुणी हौसेने घातलेला नाही. 1899 च्या एप्रिल महिन्यात ‘सकुरा मारू’ हे जहाज कायाओ बंदराला लागलं. त्यात 790 जपानी पुरुष होते. उसाच्या मळ्यांत चार वर्षं राबायचा करार करून ते आले होते. काम कष्टाचं, राहण्याचे हाल आणि वर साथीचे आजार. अनेकांनी तिथेच प्राण सोडले, अनेक जण मळे सोडून पळाले. जे टिकले ते हळूहळू लिमा आणि कायाओत आले. कुणी केस कापायचं दुकान टाकलं, कुणी किराण्याचं, कुणी छोटी खाणावळ. खाणावळीत गिऱ्हाईक पेरूचं, म्हणून पदार्थही पेरूचे. पण रांधणारा हात जपानी. मिसो नाही, हवी ती भाजी नाही, तर समोर जे आहे त्यातूनच चव शोधायची. समुद्र मात्र उदार होता. थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे या किनाऱ्यावर मासळी मुबलक.

पुढचा काळ आणखी कठीण होता. 1940 च्या मे महिन्यात लिमात जपान्यांविरुद्ध दंगल उसळली. शेकडो दुकानं आणि घरं लुटली गेली. दुसऱ्या महायुद्धात पेरू सरकारने सुमारे 1800 जपानी वंशाच्या माणसांना अमेरिकेच्या ताब्यात दिलं. त्यांना टेक्ससमधल्या क्रिस्टल सिटीसारख्या छावण्यांत ठेवलं. त्यांत बायका-मुलंही होती. युद्ध संपल्यावर पेरूने त्यांतल्या बहुतेकांना परत घेतलं नाही.

“तुझ्या आजीची भाषा तुला येते?”

दुपारचे तीन वाजले होते, गर्दी ओसरली होती. साठीच्या मालकीणबाई आमच्या टेबलापाशी येऊन बसल्या. बहीण दुभाषी झाली. त्यांचे आजोबा ओकिनावाहून आलेले. युद्धाच्या काळात रस्त्यावर जपानी बोलणं धोक्याचं होतं. आजीने मुलांना बजावलं होतं, बाहेर फक्त स्पॅनिश. हळूहळू घरातही स्पॅनिशच राहिली.

“मला जपानी येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण सोया सॉस कधी घालायचा आणि कधी हात आवरायचा, ते आजीने शिकवलंय.”

मग त्यांनी मला विचारलं, “तुझ्या आजीची भाषा तुला येते?”

मी इंदूरची. आमच्या तीन पिढ्या तिथे गेल्या. पोह्यांवर आम्ही जीरावण भुरभुरतो, शाळेत हिंदी बोललो, घरात मात्र मराठीच. मी म्हटलं, “येते. मी मराठीत लिहिण्याचंच काम करते.” हे उत्तर मी आजवर शंभर वेळा दिलं असेल, पण त्या दिवशी ते देताना थोडं अवघडल्यासारखं झालं. आमची भाषा आमच्याकडून कुणी भीती घालून काढून घेतली नव्हती.

त्या म्हणाल्या, “काहीतरी बोलून दाखव.” मी म्हटलं, “जेवण छान झालं.” त्यांनी दोनदा घोळवून म्हटलं, “छान, छान.” आणि हसत आत जाऊन आमच्यासाठी आणखी एक जग चिचा मोरादा घेऊन आल्या. जांभळ्या मक्याचं हे सरबत दालचिनी, लवंग आणि अननसाची सालं घालून उकळतात. रंग थेट आपल्या कोकम सरबताच्या जवळ जाणारा.

आपल्याकडे फ्यूजन म्हटलं की मॉलमधला शेजवान डोसा डोळ्यांसमोर येतो. इथे त्या शब्दामागे एका समाजाने गमावलेली दुकानं आहेत, माणसं आहेत आणि एक भाषा आहे. ज्या शहराने त्यांना एकदा नाकारलं, ते शहर आज त्यांच्या हातचं अभिमानाने जेवतं. यामुळे जुना अन्याय पुसला जात नाही. पण नातवंडांना ताठ मानेने दुकान उघडता येतं, हे काही थोडं नाही.

आपलं लिंबू तिकडे, त्यांची मिरची इकडे

सेविचेत जे छोटं, पातळ सालीचं लिंबू पिळतात ते आपलं कागदी लिंबूच. त्याचं मूळ आशियात, स्पॅनिश लोकांनी ते तिकडे नेलं. उलट मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांसोबत आपल्या किनाऱ्यावर उतरली. आता उपासाची साबुदाण्याची खिचडी आठवा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शेंगदाणे आणि बटाटा हे तिन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेचे. मिरचीही त्याच खंडांतली. आपल्या सर्वांत सोवळ्या ताटातही इतक्या लांबचे पाहुणे घरचे होऊन बसले आहेत.

लिमाला जाणार असाल तर

सेविचे हे दुपारचं जेवण. त्याची बरीच छोटी हॉटेलं संध्याकाळी बंद असतात, म्हणून एक-दीडच्या सुमारास पोहोचा. पदार्थ मधे ठेवून सगळ्यांनी वाटून खा. गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांनी कच्चा मासा टाळलेला बरा, त्यांच्यासाठी तळलेल्या मासळीचे पदार्थ मिळतात.

शाकाहारी मंडळींनी ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस नको, मासे नको, असं स्पष्ट सांगावं. पापा आ ला वानकाईना मागवा. उकडलेल्या बटाट्यावर चीज आणि पिवळ्या मिरचीचा सॉस असतो. वर अंडं ठेवतात, नको असेल तर आधीच सांगा.

लिमा लांब वाटत असेल तर घरी काउसा करून बघा. उकडलेले बटाटे गरम असतानाच मऊ कुस्करा. त्यात मीठ, तेल, लिंबाचा रस आणि वाटलेली मिरची घालून मळा. वाटीत एक थर बटाट्याचा, मधे अ‍ॅव्होकॅडो किंवा मक्याचे दाणे, वर पुन्हा बटाटा. फ्रिजमध्ये गार करून वाटी ताटात उलटी करा. मुलं विचारतील, हे कुठलं? मग त्यांना जहाजाची गोष्ट सांगा.